दोन जाडीचा बंपर

अपघाताला तीन महिने होऊन गेले, तरी थोरला भेटेल त्याला एकच गोष्ट ऐकवत होता. "पाइप पातळ होता हो. बंपर धड असता तर भावाचा पाय वाचला असता." घर दगडाच्या खाणीच्या रस्त्यालाच होतं. गाडीला पाणी पाजायला थांबलेले ड्रायव्हर ते ऐकायचे, हळहळायचे, आणि मग त्यांची नजर ओट्यावर बसलेल्या धाकट्याकडे वळायची. बंपर धाकट्यानं केला होता, हे सगळ्या खाणीला ठाऊक होतं. घरातला वेल्डर तोच. स्वतःच्या हातच्या कामानं स्वतःचा पाय घालवला बिचाऱ्यानं, असं त्या नजरेत असायचं. धाकटा उठायचा. कुबड्या काखेत घ्यायचा आणि आत जायचा.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. खाणीचा रस्ता एका गाडीपुरता. भरलेली गाडी थांबणार नाही, रिकाम्यानं रुंद जागा बघून बाजूला व्हायचं, असा तिथला नियम. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. पिवळ्या डंपरवाला तेवढा पाळायचा नाही. गाडी खाणमालकाची, त्यामुळं रस्ताही आपल्याच बापाचा, अशा थाटात तो तोंडानं शिट्टी वाजवत यायचा. सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. त्या दिवशी भावांचा ट्रक दगडानं भरलेला होता आणि शिट्टी रिकामा येत होता. रस्ता सपाट होता, अंतर भरपूर होतं. डाव्या बाजूला बसलेला धाकटा ओरडला, "दादा, ब्रेक मार!" दोनदा ओरडला. थोरला म्हणाला, "त्यानं थांबायचं, मी का?" आणि गाडी तशीच दामटली. अगदी तोंडाशी आल्यावर मात्र त्यानं स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. त्याची बाजू सुटली. भावाची बाजू डंपरवर गेली.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. धाकटा केबिनमध्ये अडकलेला असताना शिट्टी खाली उतरला, गाडीचं चेपलेलं तोंड बघितलं आणि म्हणाला, "पत्र्याचा डबा घेऊन फिरता होय रे?" ते वाक्य थोरल्याच्या डोक्यात रुतून बसलं होतं. भावाचा पाय त्याला नंतर आठवायचा, आधी ते वाक्य आठवायचं.

"आता असा बंपर करतो," थोरला जेवता जेवता म्हणाला, "की ट्रकला काय, भिंतीला भारी पडला पाहिजे. तो रिकामा यायची वेळ मला पाठ आहे. मी भरलेला असणार, नियम माझ्या बाजूनं. मी थांबणारच नाही."

"आणि मेला तो तर?" वहिनीनं विचारलं.

"मरतोय कशाला? डंपरची केबिन उंच असते. फार तर पाय जाईल." त्यानं मोठ्या प्रेमानं धाकट्याकडे बघितलं. "पायाला पाय. काय रे?"

धाकट्यानं ताटातून मान वर केली नाही. "पाइप कुठून आणणार?" एवढंच विचारलं.

"तू चल की. तुला लोखंडातलं कळतं."

वहिनीनं दोघांच्या ताटात वाढलं आणि भांडं जरा जोरातच खाली ठेवलं. "तीन महिन्यांत ह्या घरात नवीन काही आलं नाही. येतंय तर हे येतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं भंगारवाल्याकडे गेले. ऊन कडक होतं, पाइपांच्या राशी हात लावू देत नव्हत्या. थोरल्याला एक चकाकणारा पाइप आवडला. त्यानं तो खांद्यावर घेऊन मिरवूनही दाखवला.

"ठेव खाली," धाकटा म्हणाला. "खुर्च्यांचा पाइप आहे तो. एका हातानं उचललास, तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"दिसतो बघ कसा."

"दिसायचं काय करायचंय? तोंड बघ." धाकट्यानं कुबडीचं टोक पाइपाच्या तोंडात घालून दाखवलं. "ही जाडी. दोन एमएम पण भरायची नाही."

भंगारवाल्याला गिऱ्हाईक हुशार निघालेलं फारसं आवडलं नाही, पण त्यानं मागून दोन तुकडे ओढून आणले. कुठल्या तरी जुन्या बॉयलरचे, तांबूस, गंजलेले. एक पाच फुटी, एक अडीच फुटी. "चार इंची, सहा एमएम. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण हा मारून बघ."

धाकट्यानं पान्यानं ठोकलं. आवाज जड आला, लगेच विझला. त्यानं तोंडातल्या कडेवरून बोट फिरवलं. बरेच दिवसांनी त्याच्या हाताला बरं वाटलं.

"गंज आहे रे," थोरला कुरकुरला.

"वरवरचा आहे. घासला की जाईल. जोड द्यावा लागेल, गाडी साडेसात फूट आहे. पण जोड धड असला तर तिथंच सगळ्यात मजबूत असतो."

थोरल्यानं तुकडे गाडीत टाकले. पाच फुटी टाकताना त्याच्या तोंडून हुंकार निघाला आणि त्या हुंकारावरच तो खूश झाला. "हा खरा पाइप," तो भंगारवाल्याला म्हणाला. "मागच्या वेळी हाच घातला असता तर?"

मागच्या वेळचा पाइप थोरल्यानंच आणला होता. काम भागतंय की, म्हणत आणला होता. धाकट्यानं तेव्हा तोंड बघून नाक मुरडलं होतं. आता भंगारवाल्यासमोर त्यानं ते काढलं नाही. गाडीत चढायला त्याला दोन्ही हातांनी दांडी धरून अंग ओढावं लागायचं, आणि तसं लोंबकळताना भांडता येत नाही.

वेल्डर कोण, हा प्रश्न होताच. घरात वेल्डर बसलेला असताना थोरला त्याला घेऊन दुसऱ्यांची दारं हिंडला. पहिला होता चष्मेवाला, मोठ्या वर्कशॉपचा. त्यानं पाइप बघितला, गाडीचं तोंड बघितलं, मग चष्मा कपाळावर सरकवला.

"एवढा जाड कशाला? धक्का पाइपानं दुमडून खायचा असतो. हा दुमडणार नाही. सगळा धक्का चासीला, गाडीच्या सांगाड्याला जाईल आणि तिथून आत बसलेल्या माणसाला."

"समोरच्याला लागला पाहिजे," थोरला म्हणाला.

चष्मेवाल्याची नजर धाकट्याच्या दुमडून पिन लावलेल्या पँटच्या पायावर गेली. त्याला काय समजायचं ते समजलं. "मला ह्यात ओढू नका," म्हणून तो आत निघून गेला.

दुसरा वेल्डर बडबड्या होता. काय वाटेल ते करून देतो म्हणाला. धाकट्यानं त्याला आधी दोन भंगार पट्ट्या जोडून दाखवायला लावल्या. त्यानं जोडल्या, फुंकर मारली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. धाकट्यानं पट्टी जमिनीवर ठेवून वरून कुबडी हाणली. जोड सुटला.

"हे वेल्डिंग नाही, शेंबूड आहे," धाकटा म्हणाला. "घरी चल दादा. मी करतो."

थोरला घुटमळला. "तुला जमेल? बसून करावं लागेल. आणि मागचं..."

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. बडबड्या वेल्डर ऐकत होता. धाकटा एवढंच म्हणाला, "मागचंही मीच केलं होतं, हेच ना? चल."

पुढचे तीन दिवस अंगणात मशीन घरघरत होतं. थोरला सकाळी गाडी घेऊन जायचा, दुपार टळल्यावर यायचा. धाकटा उलट्या पिंपावर बसून काम करायचा. आधी गंज घासला, तोंडं ग्राइंडरनं तासली. पाय नसलेल्या बाजूला अंगाचा तोल जायचा, म्हणून त्यानं पिंप भिंतीला टेकवलं होतं. पहिल्या दिवशी एकदा करपल्याचा वास आला. डोळ्यांवरची काळी काच वर करून बघतो तर ठिणगी पडून पँटचा रिकामा पाय धुमसत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. वहिनीनं धावत येऊन तांब्याभर पाणी ओतलं.

"भावजी, लक्ष कुठं असतं?"

"तिथं काही असतं तर लक्ष गेलं असतं," तो म्हणाला. वहिनीला हसूही येईना आणि रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाच फुटी तुकडा लोखंडी घोड्यांच्या आधारावर आडवा ठेवला. तो डावीकडचा आणि मधला भाग. आता अडीच फुटी उचलायचा आणि उजव्या टोकाला वेल्डिंगचे टाके मारायचे. उजवं टोक म्हणजे बरोबर ड्रायव्हरसमोर. त्यानं तुकड्याकडे हात नेला आणि थांबला. भिंतीलगत जुना बंपर पडला होता. डावी बाजू चुरगाळलेली, उजवी बाजू मात्र सरळ, ओरखडाही नसलेली. तोही चार इंचीच होता.

धाकटा बराच वेळ त्या न चेपलेल्या बाजूकडे बघत बसला. तीन महिने थोरला ह्याच पाइपाला शिव्या घालत होता. पातळ होता, पातळ होता. मग बस की ह्याच्यामागे. बघू तुझा पाय कसा राहतो. सूड त्यालाही हवाच होता. फक्त शिट्टीचा नको होता. शिट्टी परका, त्यानं परक्यासारखं केलं. ज्याला दादा म्हणून हाक मारली, त्यानं ऐकलं नव्हतं.

त्यानं जुन्या बंपरची उजवी बाजू कापली आणि सहा एमएमला दोन एमएम जोडला. पातळ पाइपाला रॉड लागताच जळून भोक पडतं, म्हणून करंट कमी केला, हात हलका ठेवला, थोडं थोडं थांबत गेला. आयुष्यात इतकं निगुतीचं काम त्यानं केलं नव्हतं. जोडावर पट्टी गुंडाळली. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डावीकडेही तशीच पट्टी लावली. दोन्ही तोंडं गोल पत्र्यानं बंद केली, वरून काळा रंग मारला. उरलेला जड तुकडा पोत्यात घालून पाण्याच्या टाकीमागं सरकवला. त्याला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर छानही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी बसवायची वेळ आली. एक बाजू मी धरतो, एक तू धर, असं थोरला म्हणाला. पण धाकटा कुबडीवर काय उचलणार? शेवटी बोल्ट घालायला धाकटा खाली बसला, थोरल्यानं डावी बाजू धरली आणि वहिनीनं उजवी.

"एक, दोन, तीन!"

थोरल्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. वहिनीची बाजू भसकन वर गेली.

"अगं हळू! बघ रे, तुझी वहिनी काय पैलवान आहे!" थोरला धापा टाकत हसला. "पाण्याचे हंडे उचलून उचलून तयार झालीय. लाव बोल्ट लवकर, माझी कंबर गेली."

धाकट्यानं बोल्ट लावले. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही. कसून झाल्यावर थोरल्यानं मधोमध एक लाथ घातली. गाडी हलली, बंपर हलला नाही. लहान पोरागत तो टाळी वाजवून हसला.

वहिनी हसली नाही. ती आपल्या तळव्यांकडे बघत होती.

संध्याकाळी थोरला टायरमध्ये हवा भरायला गेला, तेव्हा वहिनी टाकीमागून पोतं ओढत आली. ते तिला दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. तिनं ते धाकट्यासमोर टाकलं. आतला पाइप फरशीवर आदळला.

"भावजी, हा उरला कसा?"

"उरतो कधी कधी."

"मोजून आणलेला उरतो? आणि माझ्या हातातली बाजू नुसती फुलासारखी होती."

वहिनी खाली बसली. तिचा आवाज चढला नाही, तेच त्याला जड गेलं.

"तुमचं ड्रेसिंग कोण करत होतं दीड महिना? मी कधी विचारलं का, काय झालं म्हणून? झोपेत तुम्ही ब्रेक ब्रेक ओरडायचा. मला काय ऐकू येत नव्हतं? पण माझ्या कपाळाचा विचार करायचा होता जरा."

"वहिनी..."

"मी त्यांना सांगितलं तर उद्या ह्या घराच्या दोन चुली होतील. त्याआधी तुमच्यात एकाचं डोकं फुटेल. मी नाही सांगत." ती उठली. "उद्या तुम्ही गाडीवर जायचं. तुमच्याच जागेवर बसायचं. सांगायचं तर तुम्ही सांगा, नाही तर दोघं मिळून जा."

सकाळी तिनं डबा दोघांचा भरला. थोरल्याला आनंदच झाला. "ये, ये. बघायला तूच पाहिजेस," म्हणत त्यानं धाकट्याला काखेत हात घालून वर चढवलं. तीन महिन्यांनी धाकटा त्या सीटवर बसला. समोरचा पत्रा ठोकून सरळ केला होता, पण नीट झाला नव्हता. त्याचा नसलेला पाय ठणकायला लागला.

खाणीवर गाडी भरली. परत निघाले तेव्हा मागं आणखी दोन भरलेल्या गाड्या होत्या. गाडी जड चालत होती, स्टेअरिंग ओढत होतं. थोरला मात्र गुणगुणत होता. सपाट रस्ता आला, आणि लांबवर पिवळं दिसलं.

"आला," थोरला म्हणाला.

डंपर रिकामा होता. मधल्या रुंद जागेवर तो थांबायला हवा होता. थांबला नाही. हॉर्न वाजवत सरळ आत आला.

"बघितलंस? बघितलंस ना माज?" थोरल्यानं पाय दाबला. "घट्ट धर."

धाकट्यानं दांडी धरली. अजून वेळ होता. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. त्यानं थोरल्याच्या पायांकडे बघितलं. दोन्ही गुडघे पातळ पत्र्यामागं, आणि त्यापुढं दोन एमएम. मग त्याची नजर थोरल्याच्या हातांवर गेली. अजून डंपर लांब होता, तरी ते हात आत्ताच थोडे उजवीकडे झुकले होते. पुन्हा आपली बाजू सोडवायची तयारी चालली होती. थोरल्याला स्वतःला ते कळतही नसेल.

"दादा, हात सरळ ठेव," धाकटा म्हणाला. "आणि ऐक. माझ्या बाजूला सहा एमएम आहे. तुझ्या बाजूला दोनचाच आहे."

"काय?"

"जुन्यातला कापून लावलाय. तुझ्यापुढं आहे तो. आता ठोक."

थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं. एका नजरेत त्याला खरं काय ते कळलं, आणि दुसऱ्या क्षणी त्याचे दोन्ही पाय खाली गेले. गाडी किंचाळली. दगड केबिनच्या पाठीवर आदळले. धाकट्याचं कपाळ काचेवर आपटलं. डंपरही थांबला, हातभर अंतरावर.

धुरळा बसला तसा शिट्टीनं डोकं बाहेर काढलं. बंपर बघितला, थोरल्याचा चेहरा बघितला. "एवढा नटलास आणि थांबलास होय?" तो म्हणाला. "घे मागं."

त्या रस्त्यावर भरलेली गाडी कधी मागं गेलेली कुणी बघितली नव्हती. त्या दिवशी तीन गेल्या. मागच्या दोघांनी शिव्या घालत रिव्हर्स टाकला, त्यांच्यामागं थोरल्यानं. धाकटा खिडकीतून डोकं काढून वाट सांगत होता. "घे. घे. दगड आहे. डावीकडे घे." मागच्या एका रुंद जागेवर आल्यावर डंपर शेजारून गेला. शिट्टी मजेत शिट्टी वाजवत होता.

थोरल्यानं इंजिन बंद केलं. त्याची बोटं स्टेअरिंगवरून सुटत नव्हती.

"मला मारणार होतास तू?"

"माहीत नाही," धाकटा म्हणाला. ते खरं होतं. "पण मी तोंडानं सांगितलं, आणि तुझा ब्रेक लागला. लागतो म्हणजे. मग त्या दिवशी का नाही लागला?"

थोरल्यानं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं.

"दोनदा ओरडलो होतो. ऐकू आलं होतं ना?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"आलं होतं," थोरला म्हणाला. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, ते त्यानं बाहीला पुसलं. "घरी चल. बोलू."

"घरी नाही. ज्यांना पाइपाचं सांगत होतास, त्यांच्यासमोर."

जिथं दगड उतरवायचा, त्या खडीच्या अड्ड्यावर बातमी आधीच पोचली होती. सात-आठ ड्रायव्हर सावलीला बसले होते. गाडी आत येताच कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळे फिदीफिदी हसले.

"काय रे, एवढा जाड बंपर लावून रिव्हर्स?"

"भावानं केलाय ना? म्हणून भरवसा नसेल!"

थोरला खाली उतरला. एकदा त्यानं वर केबिनकडे बघितलं. धाकटा डावीकडची काच खाली करून बसला होता, कपाळावर टेंगूळ आलेलं. थोरला सावलीपर्यंत चालत गेला आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"काय? काय म्हणतोस?" एकानं कानाला हात लावला.

"पाइपाचा दोष नव्हता," थोरला म्हणाला. "भाऊ ब्रेक मार म्हणत होता. मीच मारला नाही."

हसणं थांबलं. पुढं बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मागच्यांनी काय झालं, काय झालं, म्हणून माना उंचावल्या. थोरला परत फिरला, तोच धाकट्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"मोठ्यानं सांग, दादा," तो ओरडला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."